‘ही मुलं शिकणार नाहीत’ : अनुभव की पूर्वग्रह?

एका तरुण शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा:

“गोव्यातल्या बार्देश तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत माझं हे दुसरं वर्ष. तिसरी आणि चौथी एकत्र बसतात. निम्म्याहून जास्त मुलं कर्नाटकातून आलेल्या घरांतली, दोन-चार झारखंड-बिहारकडची. स्टाफरूममध्ये रोज कानावर येतं, ‘घाट्यांची मुलं ही, यांना शिकवून काय फायदा!’ आधी राग यायचा. आता मलाच वाटायला लागलंय की म्हणतात त्यात काहीतरी तथ्य असावं. मुलं दांड्या मारतात, विचारलं तर तोंड उघडत नाहीत, पालक मीटिंगला फिरकत नाहीत. हा माझा अनुभव म्हणायचा की पूर्वग्रह? आणि पूर्वग्रह असेल तर तो मनातून काढायचा कसा?”

तुम्हाला जे दिसतंय ते खरं आहे. मुलं गैरहजर असतात, गप्प बसतात, पालक येत नाहीत. गडबड होते ती याची कारणं सांगताना. ‘त्यांना शिक्षणाची किंमत नाही’, ‘त्यांची बुद्धीच तेवढी’, ‘ही माणसं अशीच’ ही कारणं आपण तपासून ठरवलेली नसतात, ती स्टाफरूममध्ये तयार मिळतात. दिसलेली गोष्ट आपली आणि कारण उसनं, अशी ही जोडणी आहे. म्हणूनच पूर्वग्रह अनुभवासारखा भासतो आणि चांगला शिक्षकसुद्धा त्यात सापडतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही आधीच देऊन टाकते. मनातून काढायच्या भानगडीत पडू नका. मन शुद्ध करणं हे लांबचं काम आहे आणि त्यात मुलाचं वर्ष वाया जातं. शाळेतला पूर्वग्रह राहतो तो हजेरीपटात, बसवण्याच्या जागेत, प्रश्न कुणाला विचारला यात, प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यात आणि दाखल करताना कुठल्या इयत्तेत टाकलं यात. या सगळ्या गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत. मी वर्गावर शिकवलं, मुख्याध्यापिकेचं काम केलं, आता शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जाते. प्रवचनाने बदललेला शिक्षक मला क्वचित भेटला. वहीत रकाना वाढवल्यावर बदललेले बरेच भेटले.

हजेरीपासून सुरुवात करा. गेल्या तीन महिन्यांचा पट काढा आणि गैरहजेरी कुठल्या वारी पडते ते बघा. बार्देशात हे फार बोलकं असतं. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू झाला की बुधवारी हणजुण्याचा बाजार, आणि शुक्रवारी म्हापशाचा बाजार तर बारमाही. आमच्या एका शाळेत चौथीतल्या मुलीच्या नावापुढे शेरा होता, ‘अनियमित. पालक उदासीन.’ पट उलगडून बघितला तर सोमवार, मंगळवार, गुरुवारी ती जवळजवळ नेहमी हजर. लाल खुणा बुधवारी आणि शुक्रवारी. आई हणजुण्याला माळा आणि कापडी पिशव्या विकायची, शुक्रवारी म्हापशाला. घरी दीड वर्षाचा भाऊ. अंगणवाडीत तीन वर्षांखालचं मूल दिवसभर ठेवत नाहीत, खोलीला कुलूप लावून जाता येत नाही, मग थोरलीला ठेवायचं. यात उदासीन कोण? त्या शाळेतल्या बाईंनी आईशी बोलून शुक्रवारी शेजारच्या खोलीतल्या बाईकडे बाळ ठेवायची सोय लावली. बुधवार काही सुटला नाही, हंगाम संपेपर्यंत ती बुधवारी मधल्या सुट्टीनंतर घरी जायची. पण पूर्ण खाडा होता तो अर्धा झाला, आणि गुरुवारी तिला काय चुकलं ते सांगायला एक मुलगी नेमून दिली.

तसंच जत्रेचं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला घरच्या घर आठवडाभर जातं. त्यावर आपण नाकं मुरडतो. बोडगेश्वराच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आपल्या म्हापशाच्या वर्गात अर्धी पोरं पेंगत असतात, त्याला मात्र आपण संस्कृती म्हणतो. आठवडा बुडणार हे आधीच माहीत असतं, कारण जत्रेची पौर्णिमा पंचांगात असते. जाताना आठवड्याचं काम वहीत लिहून द्या. निम्मी मुलं करतील. तरीही द्या.

दुसरी गोष्ट इयत्तेची, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यांत मोठं नुकसान इथे होतं आणि ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. मूल वर्षाच्या मध्येच येतं. हातात दाखला नसतो, असला तर कन्नडमध्ये. आपण मराठी पुस्तक पुढे ठेवतो. वाचता येत नाही. मग ‘बसवू दुसरीत, पुढचं पुढे बघू.’ दहा वर्षांचं मूल सात वर्षांच्या मुलांत बसतं, उंचीने सगळ्यांच्या वर, आणि दोन महिन्यांत वर्गाच्या हिशेबी ते ढ ठरतं.

एका वर्गात मी मागे बसून निरीक्षण करत होते. फळ्यावर ३६ भागिले ४. गदग जिल्ह्यातून आलेला मुलगा, तिथे चौथीत होता, इथे दुसरीत घातलेला. बाईंनी त्याला उभं केलं. तो फळ्याकडे बघत राहिला. बाई माझ्याकडे बघून हसल्या, म्हणजे ‘बघितलंत ना’. मी उठून तेच गणित खाली इंग्रजी आकड्यांत लिहिलं. मुलाचे ओठ हलायला लागले, ‘नाल्कोंदले नाल्कू, नाल्केरडले एंटू’, बोटांवर मोजत गेला आणि नऊ लिहून मोकळा झाला. तोही इंग्रजी नऊ. कर्नाटकातल्या शाळेत गणित इंग्रजी आकड्यांतच शिकवतात, देवनागरी ३ आणि ६ त्याने कधी बघितलेच नव्हते. त्याला भागाकार येत होता, आपले आकडे येत नव्हते. आकडे शिकायला आठवडा पुरतो. दुसरीत बसवल्याने जी दोन वर्षं जातात ती परत मिळत नाहीत.

म्हणून नव्या मुलाची पहिली चाचणी गणिताची घ्या, इंग्रजी आकड्यांत, शब्द न वापरता. मग त्याच्या आधीच्या भाषेतलं वाचन. तुम्हाला कन्नड येत नसेल तर कन्नड येणारा वर्गातलाच मोठा मुलगा सोबत घ्या, फोनवर कन्नड बालकथेचं पान उघडा आणि नव्या मुलाला वाचायला सांगा. अडखळत वाचतो की सरळ, हे भाषा न कळताही कानाला कळतं. जो कन्नड सरळ वाचतो त्याला ‘वाचन’ येतं, आता फक्त दुसरी लिपी घालायची आहे. आणि हे कुणाच्या मर्जीवरही सोडलेलं नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम ४ प्रमाणे मुलाला वयाला साजेशा वर्गातच घ्यायचं आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ प्रमाणे जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही. कलम ९ मध्ये तर स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी म्हणून वेगळी लिहिलेली आहे. आधार कार्डाशिवाय प्रवेश नाही असं सांगणारे क्लार्क अजून भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही असं स्पष्ट केलेलं आहे. हे कलमांचे आकडे पाठ ठेवा, भांडायला नाही, शांतपणे सांगायला उपयोगी पडतात.

आता गप्प बसण्याबद्दल.

नवी भाषा कानावर पडायला लागली की मुलं काही काळ बोलत नाहीत, ऐकतात. काही आठवडे, कधी काही महिने. घरात वेगळी भाषा असलेल्या मुलांबाबत हे जगभर दिसतं. त्यानंतर एक फसवी अवस्था येते आणि गोव्यात ती हमखास दिसते. मूल बाजारात कोंकणी बोलतं, पर्यटकाशी हिंदी आणि मोडकं इंग्रजी बोलतं, मैदानावर मराठीत भांडतं. आणि परिसर अभ्यासाच्या तासाला ठोंब्या. आपण म्हणतो, ‘बाहेर बघा कशी टुरटुर करतात, अभ्यासाचं नाव काढलं की गप्प. कामचुकार!’ कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हा फरक मांडला आहे. रोजच्या बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पुस्तकाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. ‘इथे ये’ कळणं आणि ‘पुढील विधाने चूक की बरोबर ते सकारण लिहा’ कळणं यांत एवढं अंतर आहे. तिसरी-चौथीतलं मूल या अंतराच्या मधोमध उभं असतं.

आणि ‘कन्नड मुलं’ म्हणून एक गठ्ठा बांधू नका. तुमच्या वर्गात निदान तीन-चार वेगळ्या भाषिक घरांतली मुलं असतील. बागलकोट-गदगकडचं कन्नड घरातलं मूल ‘भात’ला ‘बात’ आणि ‘घर’ला ‘गर’ लिहितं, कारण तिकडच्या बोलीत महाप्राण जवळजवळ उच्चारतच नाहीत. त्याच्या कानाला ब आणि भ मध्ये फरक ऐकू येत नाही, तो निष्काळजी नाही. लाल शाईने गोल करून काही होणार नाही. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा, ‘बार’ म्हटलं की पट्टी जेमतेम हलते, ‘भार’ म्हटलं की उडते. गडी-घडी, दार-धार, पळ-फळ अशा जोड्या घ्या. पोरांना हा खेळ वाटतो, पंधरा दिवसांत कान तयार होतो. तेच मूल ‘तो खुर्ची’, ‘ती दगड’ म्हणेल. कन्नडमध्ये सगळ्या निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी, आणि मराठीत खुर्ची ती, स्टूल ते, बाक तो. का, ते आपल्यालाही सांगता येत नाही. त्यावर वर्ग हसला तर ते हसणं थांबवणं तुमचं काम.

लमाणी घरातल्या मुलाची गोष्ट वेगळी. घरात गोरबोली, जी कन्नडच्या कुळातली नाही, आपल्या हिंदी-मराठी-गुजरातीच्या कुळातली आहे. म्हणजे घरी गोरबोली, गावच्या शाळेत कन्नड, बाजारात कोंकणी आणि हिंदी, आणि तुमच्याकडे मराठी ही त्याची पाचवी भाषा. चार भाषा येणाऱ्या मुलाला आपण ‘भाषा कच्ची’ असा शेरा देतो. बिहारकडचं मूल देवनागरी आधीच वाचतं, त्याचं अडतं ते ‘ळ’पाशी. नेपाळी मुलाचंही तेच, त्याचीही लिपी देवनागरी. पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक ओळ लिहा: घरी कुठली भाषा, आधी कुठल्या माध्यमात किती शिकला, कुठली लिपी येते. मी वर म्हटलं तो रकाना हाच. तो भरला की ‘घाट्यांची मुलं’ हा गठ्ठा आपोआप सुटतो, कारण समोर वेगवेगळी मुलं दिसायला लागतात.

नावाचंही तेच आहे. यल्लव्वा, हणमव्वा, दुर्गप्पा ही नावं आपल्या जिभेला अवघड वाटतात म्हणून ‘ए लमाणी’, ‘ए कन्नड्या’ सुरू होतं. आईकडून नाव उच्चारून घ्या, देवनागरीत तसंच लिहा, आणि वर्गाला तेच म्हणायला लावा. खर्च शून्य.

प्रश्न विचारताना तुमचं घड्याळ तपासा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. ज्याच्याकडून अपेक्षा कमी त्याच्यासाठी आपण आणखी कमी थांबतो, हे मी वर्गात मागे बसून पुष्कळदा बघितलंय. ओळखीच्या घरातला मुलगा अडखळला की बाई म्हणतात, ‘आठव, आठव, काल सांगितलं होतं ना.’ झोपडपट्टीतला अडखळला की ‘बस खाली’. दोन्हीकडे चूक तीच होती. पहिल्याला दुसरी संधी मिळाली. एक सोपा इलाज करा: पटावरच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका, चिठ्ठी काढून विचारा, आणि मनात एक-दोन-तीन म्हणून मगच पुढे सरका. ज्याला दुसऱ्या भाषेतून उत्तर जुळवायचं असतं त्याला तीन सेकंदही कमी पडतात.

अपेक्षेने मूल बदलतं का, यावर रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा १९६० च्या दशकातला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या शाळेतला प्रयोग तुम्ही डीएडला वाचला असेल. चिठ्ठ्या टाकल्यासारखी, दर पाचांत एक या हिशेबाने मुलं निवडली, शिक्षकांना सांगितलं ‘ही यंदा फुलणार’, आणि पहिली-दुसरीतली ती मुलं खरंच पुढे गेली. हा प्रयोग सांगताना प्रशिक्षणात जी टाळ्यांची तयारी असते ती मला पटत नाही. वरच्या इयत्तांत फारसा परिणाम दिसला नव्हता, आणि पुढच्या संशोधकांनी त्याच्या आकड्यांवर बरेच आक्षेप घेतले. सरसकट सगळ्या मुलांवर अपेक्षेचा परिणाम लहानच असतो. पण लहान वयात, नव्या शाळेत, आणि समाजात ज्यांच्याविषयी आधीच वाईट बोललं जातं त्या मुलांवर तो जास्त असतो, हे मात्र नंतरच्या अभ्यासांतूनही निघालं. तुमच्या वर्गातल्या मुलांना या तिन्ही गोष्टी एकदम लागू आहेत.

चोरी आणि स्वच्छता, यावर थोडंच सांगते पण कडक सांगते. कंपासपेटी हरवली की पहिलं दप्तर कुणाचं उघडलं जातं ते तुम्हाला माहीत आहे. दप्तरं तपासायची तर सगळ्यांची, आपल्या पंचाच्या नातवाचंसुद्धा, नाहीतर कुणाचंच नाही. उवा, वास, नखं हे वर्गासमोर बोलायचं नाही. जिथे चार खोल्यांना मिळून एक नळ आणि त्याला दिवसाआड पाणी, तिथून मूल धुतलेल्या गणवेशात येतं म्हणजे आईने रात्री काय केलं असेल ते आधी समजून घ्या. कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी करतं, आणि सगळ्यांसमोर ‘आंघोळ केलीस का’ विचारणं त्यातच बसतं.

पालक मीटिंगला येत नाहीत. मीटिंग कधी असते? कामाच्या दिवशी सकाळी दहाला. सेंटरिंगच्या कामावरच्या माणसाचा दहाला आलं की दिवसच बुडतो, मुकादम दुपारनंतर घेत नाही. नोटीस मराठीत, तीही ‘उपस्थित राहण्याचे करावे’ छापाची. रविवारी संध्याकाळी ठेवा, किंवा तुम्ही वस्तीवर जा. व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी नोटीस टाकू नका, कन्नड येणाऱ्या पालकाकडून आवाजी निरोप करून घ्या, तो ऐकला जातो. शाळा व्यवस्थापन समितीत या पालकांपैकी निदान दोघांना घ्या, आणि सहीपुरतं नको. एका शाळेत समितीतल्या गवंड्याने शाळेच्या गळक्या संडासाची भिंत रविवारी येऊन दुरुस्त करून दिली होती. हाच माणूस वर्षभर ‘पालक उदासीन’च्या यादीत होता.

‘यांना सगळं फुकट मिळतं’ हेही तुमच्या स्टाफरूममध्ये म्हणत असतील. उलट आहे. लमाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. गोव्याच्या अनुसूचित जाती-जमातींच्या याद्यांत तो नाही, आणि या याद्या राज्यागणिक असल्यामुळे तिकडचा दाखला इथे सवलतीला चालत नाही. सीमा ओलांडली की हक्क गळतो, जात मात्र आडनावासोबत येते. आणि आडनाव वाचून मनात हिशेब करणारे आपल्यातही कमी नाहीत.

आता सहकाऱ्यांचं. त्यांना भाषण देऊ नका, तुम्ही वयाने लहान, वर्षभर ‘मोठी आली शहाणी’ ऐकाल. एकच प्रश्न विचारायची सवय लावा: ‘कुठलं मूल, बाई?’ ‘ही मुलं चोरटी’ असं कुणी म्हटलं की ‘कुठलं?’ ‘यांना काही येत नाही’, ‘कुणाला काय येत नाही?’ नाव घ्यावं लागलं की बोलणं मवाळ होतं, कधीकधी खरी अडचणही बाहेर येते आणि तिच्यावर काम करता येतं. हट्टी सहकाऱ्याला मी पटसंख्येचा मुद्दा सांगायचे. आपल्या गावातली मुलं अनुदानित इंग्रजी शाळांच्या बसमध्ये बसून गेली. बऱ्याच सरकारी मराठी-कोंकणी शाळा आज या बाहेरून आलेल्या मुलांच्या पटावर उभ्या आहेत. ही मुलं गेली तर शाळा विलीन होते आणि बाईंची बदली पार दक्षिण टोकाच्या काणकोणला. हा काही उदात्त मुद्दा नाही, पण लागू पडतो. (सहकाऱ्यांची स्वतःची मुलं कुठल्या माध्यमात आहेत हे विचारू नका. मला मोह व्हायचा.)

आणि गोवेकराने परप्रांतीय या शब्दावर नाक मुरडावं याचं मला नेहमी नवल वाटतं. १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या तेव्हा कित्येक मास्तर सावंतवाडी-मालवणकडून, घाटावरून आले होते. आमच्या पिढीला बाराखडी त्यांनी शिकवली. मुंबई, कराची, नैरोबी, आखात, आता इंग्लंडातलं स्विंडन, गोव्यातलं कुठलं घर आहे ज्यातून कुणी बाहेर गेलं नाही? स्विंडनच्या शाळेत आज आपल्याच सासष्टी-बार्देशातली मुलं घरी कोंकणी बोलून इंग्रजी वर्गात गप्प बसतात. तिथल्या बाईंनी त्यांच्याविषयी काय बोलावं असं आपल्याला वाटतं, तेवढं आपण इथे केलं तरी चालेल.

शिक्षकांची बाजूही आहे आणि ती मी लपवणार नाही. साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक हे कायद्यातलं प्रमाण, त्यात तुमच्याकडे दोन इयत्ता, दुपारचा आहार, जनगणना-निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं. कन्नडमधून मराठीत आणणारं पूलपुस्तक नाही, प्रशिक्षणात या विषयाला अर्धा तास. शिक्षक एकटा पूर्वग्रहदूषित आणि व्यवस्था निर्मळ असं मुळीच नाही. व्यवस्था बदलायची वाट बघताना काय करायचं एवढंच मी सांगते आहे. सीआरपी, म्हणजे शाळांना भेट देणारे साधनव्यक्ती, आले की ‘द्विभाषिक साहित्य हवं’ असं लेखी मागा आणि पोच घ्या. तोंडी मागितलेलं कुणालाच आठवत नाही.

स्थानिक पालक येऊन म्हणतील, ‘बाई, आमच्या मुलाला त्यांच्याजवळ बसवू नका.’ जागा दर सोमवारी बदलण्याचा नियम सगळ्या वर्गाला लावा, म्हणजे वादच उरत नाही: ‘अमुक महिन्यात तो सगळ्यांच्याच शेजारी बसणार आहे.’ शिव्या शिकतो म्हणाले तर सांगा, शिव्या आमच्याकडे दोन्ही बाजूंनी शिकवल्या जातात, मी दोघांनाही अडवते.

शेवटचं चौथीविषयी, कारण तुमच्याकडे चौथी आहे. गोव्यातल्या सरकारी शाळांत चौथीपर्यंत मराठी-कोंकणी आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यम, दुसरी शाळा, दुसरं आवार. बाहेरून आलेली बरीच मुलं गळतात ती याच उंबऱ्यावर, आणि आपण म्हणतो ‘गेला असेल बापाबरोबर कामाला’. मार्चमध्येच यादी करा, कुणाचे कागद अपुरे आहेत ते बघा, जवळच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांशी स्वतः बोला. हस्तांतराच्या कागदावर ‘भाषा कच्ची’ लिहिण्याऐवजी काय येतं ते लिहा: चार भाषा बोलतो, भागाकार येतो, देवनागरी वाचन इतक्या पातळीवर. नोंदवहीत प्रवेशाची तारीख, आधीची शाळा, आईवडिलांची नावं बिनचूक ठेवा. पुढे कधी पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्यासाठी याच मुलाला मामलेदार कचेरीत उभं राहावं लागेल तेव्हा भाड्याच्या खोलीची पावती कुणी दिलेली नसेल, शाळेची नोंद हाच त्याचा कागद असेल.

आणि जी मुलं मे महिन्यात गावी जाऊन परत येतील की नाही याची खात्री नसते, त्यांचे दाखले सुट्टी लागायच्या आधी तयार करून ठेवा, पालक मागायला येतील म्हणून थांबू नका. दाखल्यामागे शाळेचा फोन नंबर लिहा. इथलं वर्ष तिथे धरलं जावं म्हणून मूल कुठवर शिकलं याची चार ओळींची चिठ्ठी जोडा, जमलं तर कुणाकडून कन्नडमध्ये लिहून घेऊन.